समाधीसह विकलेले वावर

चुलत भावाने चुलत भावाला फसवले. फसवणारा गावातच राहत होता, फसलेला आफ्रिकेतल्या झांबिया देशात मुलांना गणित शिकवत होता, आणि ज्या वावरावरून हे घडले त्या वावरात या फसलेल्याची विधवा बहीण रोज राबत होती. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ हाताळले. ते बरेचसे विसरलो. हे प्रकरण मात्र काल घडल्यासारखे डोळ्यांपुढे आहे. नावे कोणाचीच लिहीत नाही, गावही सांगत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. उस्मानाबादहून कचेऱ्या येत होत्या. आधी टेबले आली, मग पाट्या आल्या, माणसे सावकाश आली. जुन्या कचेरीतला कारकून समोरच्याचा चेहरा पाहून त्याच्या आज्याचे नाव सांगायचा. नव्याने बदलून आलेले साहेब लोक कोणालाच ओळखत नव्हते. जमिनींचे भाव मात्र जिल्हा झाल्या झाल्या चढले. त्यात दुष्काळ पडला. ज्या वावरात पाणी लागलेली विहीर, त्या वावरावर लातूरच्या व्यापाऱ्यांचे डोळे.

मी या नव्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर आलो. माझे लहानपण बैलबाजारात गेले. वडील लोकांची जनावरे बाजारात हाकत नेत आणि मी त्यांच्यामागे. पुढे पोलिसात जे काही केले, त्यातले निम्मे त्या बाजारातच शिकलो होतो. चौकशी हाही एक सौदा असतो. समोरच्याला काय हवे आहे आणि तो काय लपवतो आहे, हे ज्याला आधी कळते तो जिंकतो. राग लवकर येतो हा माझा स्वभाव. पण सौद्याला बसलो की मी शांत असतो.

त्या उन्हाळ्यात सकाळची हजेरी आणि गस्तीचा अहवाल आटोपला की पहिल्या तक्रारी पाण्याच्या यायच्या. कोणाची घागर फोडली, कोणाचा नंबर मोडला. अशाच एका सकाळी लातूरचा एक आडत व्यापारी आला. लिंगायत समाजातला, कपाळावर विभूती, खांद्यावर उपरणे. त्याला इथे शेठ म्हणू. बसा म्हटले तरी बसेना.

"साहेब, फिर्याद न्हाई द्यायची. नुसतं इचारायचं हाय."

पोलीस ठाण्यात नुसते विचारायला येणारा माणूस निम्मी गोष्ट घरी ठेवून आलेला असतो. मी चहा मागवला आणि त्याला बोलू दिले.

शेठने महिन्याभरापूर्वी एक वावर खरेदी केले होते. मालक परदेशात मास्तर, सुटीवर आलेला. सोबत त्याचा चुलत भाऊ. सौदा लातुरात झाला, खरेदीखताची नोंदणी झाली, मास्तर परत गेला असे त्याला सांगण्यात आले. मग शेठ मोजणीसाठी वावरात गेला. तिथे एक बाई विहिरीवर उभी. बांधाजवळ, निंबाच्या झाडाखाली एक समाधी, तिच्यावर ताजा बेल वाहिलेला. शेठने विचारले, ही कोणाची? बाई म्हणाली, आमच्या अप्पांची. आणि तुमी कोन? शेठने सांगितले की वावर मी घेतले आहे. बाईला वाटले, माणूस चुकीच्या वावरात आला. माझा भाऊ तर आफ्रिकेत आहे, म्हणाली, चार वर्षे झाली, गावाकडे आला नाही.

शेठ तिथून परतला तो थेट घरी आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. तो नुसता बाईच्या शब्दांनी माझ्याकडे आला नव्हता. त्याला आणखी काहीतरी सलत होते. मी चहाचा दुसरा कप पुढे केल्यावर ते निघाले.

"साहेब, सौद्यात त्यानं समाधी मागून ठिवलीच न्हाई."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिंगायत समाजात माणूस गेला की त्याला बसवून मातीत समाधी देतात, आणि शेतकऱ्याच्या घरी ती बहुधा स्वतःच्याच वावरात असते. पुढे वावर विकायची वेळ आलीच, तर समाधीपुरती जागा आणि तिथवर जायची पायवाट वगळून बाकीचे विकतात. घेणाराही ते धरूनच चालतो. सौद्याला बसल्यावर विकणाऱ्याच्या तोंडून पहिली अट हीच निघते, किमतीची गोष्ट नंतर.

"मग तुम्ही का नाही विचारलं?" मी म्हणालो.

शेठ उपरण्याची दशी ओढत बसला. "मी वाट पाहून राहिलो व्हतो. आता काढंल, मग काढंल. त्यानं काढलंच न्हाई. मनात म्हनलं, लई दिवस परदेशात ऱ्हायलाय, इसरला आसंल. आपन कशाला याद द्यावी?"

म्हणजे संशय याला तेव्हाच आला होता. सौदा गोड होता म्हणून गिळला. आता त्याला गुपचूप पैसे परत हवे होते, आणि त्यासाठी माझा खाकी डगला उसना हवा होता. माझे डोके तापले. मी त्याला सांगितले, दोनच रस्ते आहेत. फसवणूक झालेला माणूस म्हणून फिर्याद द्या, नाहीतर बाईची फिर्याद मी घेतो, आणि तिच्यात खोटे खरेदीखत करून घेणारा म्हणून पहिले नाव तुमचे येईल. शेठने चहा संपवला आणि फिर्याद लिहून दिली. स्टेशन डायरीला नोंद करून मी गुन्हा दाखल केला.

मग त्याच्याकडून मी सौद्याचा प्रत्येक बारकावा काढून घेतला. कोण कुठे बसले, कोण काय बोलले. बोलणे सगळे चुलत भावाचे. मास्तर काळा चष्मा लावून गप्प. शेवटी किमतीवर अडले. तेव्हा मास्तरने शेठच्या खांद्यावरचे उपरणे ओढले, दोघांच्या हातांवर टाकले आणि खाली शेठची बोटे धरून दाबली. सौदा तिथे पटला.

मी खुर्चीतून उठलोच. पंच्याखाली हात घालून बोटांनी भाव सांगायचा, म्हणजे भोवतालच्यांना कळू नये, ही बैलबाजारातली रीत. जमिनीचा सौदा असा कोणी करत नाही, आणि इतकी वर्षे झांबियात गणित शिकवणारा मास्तर तर नाहीच नाही. शेठ धान्याच्या आडतीतला माणूस. त्याला ती मास्तरची गंमत वाटली होती. मला मात्र कळले की आपला मास्तर हेडी आहे, बैलांचा दलाल. सवयीने हात पुढे आला त्याचा.

पण हेडी शोधायला निघण्याआधी बाईला भेटणे भाग होते. बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचे नाही हा माझा नियम. एका हवालदाराला घेऊन मी वावरात गेलो. विहिरीवर गावातल्या बायकांची रांग होती. आजूबाजूच्या विहिरी आटल्यावर तिने आपली विहीर गावाला मोकळी केली होती. तिचे सासर मुरुडकडचे. नवरा वारल्यावर माहेरी आली ती इथेच राहिली. वावर वडिलांनंतर भावाच्या नावावर लागले, कसले मात्र हिने. भावाने मागच्या पत्रात लिहिले होते की येत्या सुटीला येतो आणि वावर तुझ्या नावाने करून देतो. बक्षीसपत्र करायचे होते त्याला. बाईला वाचता येत नव्हते. ते पत्र तिला कोणी वाचून दाखवले, असे मी विचारले.

"दादानं," ती म्हणाली. "समदी पत्रं तोच वाचतो. उत्तर बी तोच लिवतो."

दादा म्हणजे तो चुलत भाऊ. येत्या सुटीच्या आत वावर विकून मोकळे व्हायचे त्याला का सुचले, ते मला तिथेच उमगले. बाईला मात्र मी सांगितले नाही. तिने एवढेच विचारले, "साहेब, आता मला उठवतेत का हितून?" मी म्हणालो, मी आहे तोवर नाही. असे शब्द पोलिसाने द्यायचे नसतात. पण देऊन बसलो. त्याच दिवशी मास्तरांच्या शाळेच्या पत्त्यावर तार पाठवली.

दुष्काळात बैलबाजार फुललेले होते. चारा नाही म्हणून लोक जनावरे विकायला काढत आणि हेडी पडत्या भावाने घेऊन ती तेलंगणाकडे नेत. साध्या कपड्यांत, शेठला सोबत घेऊन मी बाजार पालथे घालायला लागलो. उदगीरकडचे झाले, औशाकडचे झाले. शेठ उन्हाने करपला आणि रोज मला ऐकवायचा की साहेब, माझं दुकान बुडून राहिलं. मी म्हणायचो, वावर घेताना दुकान आठवलं नाही का? शेवटी देगलूरच्या बाजारात त्याने माझी बाही ओढली. काळा चष्मा नव्हता, पण माणूस तोच. डोक्याला टॉवेल, हातात कासरा, तोंडात पान.

मी गिऱ्हाईक झालो. एका खिलारी जोडीचे दात पाहिले, शेपट्या पिरगाळल्या, दोष काढले. हेडी रंगात आला. त्याने पंचा टाकला आणि खाली माझी बोटे धरून भाव दाबला. मी दुसरा दाबला. त्याने तिसरा. मग मी त्याचा हात सोडलाच नाही.

"पावने, सोडा की," तो हसला.

"मास्तर," मी म्हणालो, "झांबियाहून कधी आलात?"

हसू पानासकट गिळले त्याने.

ठाण्यात आणल्यावर आधी तो काही कबूल करेना. मी बैलांचा धंदा करून राहिलो, वावराचं मला काय म्हाईत, एवढेच. माझे दोन जमादार त्याला बदडायला उत्सुक होते. मी त्यांना बाहेर काढले. हेडीला मार खायची भीती नसते. त्याला दलाली बुडाल्याचे दुःख असते. मी सहज म्हणालो की चुलत भावाने तर नवी फटफटी घेतली, तुला काय मिळाले? त्याचा चेहरा बदलला. कबूल केलेली बैलजोडी त्याला मिळाली नव्हती. मग मात्र त्याने सगळे सांगितले. चुलत भावाने त्याला पढवले होते की भाऊ दूर आहे, त्याचीच मर्जी आहे, फक्त अंगठा द्यायला येता येत नाही. सही शिकवली, बापाचे नाव पाठ करून घेतले. ओळख पटवणारे साक्षीदार म्हणून चुलत भाऊ स्वतः आणि त्याचा मेव्हणा उभे राहिले. नोंदणी कचेरीतले साहेब सही कुठे करायची तेवढे बोटाने दाखवत होते. त्यांनी मान वर केली नाही, असे हेडी म्हणाला. चष्मासुद्धा काढायला लावला नाही.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून हेडीच्या अंगठ्याचे ठसे घेऊन, खरेदीखतावरच्या ठशाशी ताडून पाहायला पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवले. तहसीलदारांसमोर ओळख परेड घेतली. बाजारात ओळखले होते तसे शेठने त्याला तिथेही ओळखले.

चुलत भाऊ मात्र इस्त्रीच्या कपड्यांत येऊन माझ्यासमोर निवांत बसला. सोसायटीचा संचालक, गावातला शिकलेला माणूस. त्याचे म्हणणे एकच. भाऊ सुटीवर आला होता, घाईत होता, सौदा करून गेला. बहिणीला भेटायला वेळ मिळाला नाही. हेडी आपल्या जुन्या वैऱ्याने उभा केलेला आहे. झांबियाहून तारेचे उत्तर अजून आले नव्हते. पुण्याचा अहवाल आला नव्हता. आणि वरून फोन आला होता की प्रतिष्ठित माणसाला उगाच त्रास देऊ नका. माझ्या हाताखालची माणसेही म्हणायला लागली, साहेब, सोडा. पैसे परत मिळायची आशा सुटलेला शेठ तर उलट, खरेदीखत खरे धरून कोर्टात जाऊन ताबा मागतो असे रोज म्हणायचा. एकदा ताबा गेला असता तर बाई वावराबाहेर आणि पुढची कितीतरी वर्षे कज्जा.

मी घटनास्थळाचा पंचनामा काढला. पंच म्हणून गावातले दोन म्हातारे घेतले आणि चुलत भावालाही सोबत घेतले. तो स्वतःच हद्दी दाखवायला पुढे झाला. समाधीपाशी आल्यावर मी त्याला पंचांसमोर विचारले, तुमच्या भावाने ही जागा वगळून का नाही विकली?

"साहेब, तो आता परदेशी झाला," तो म्हणाला. "त्याला काय त्याचं?"

बहीण बाजूला उभी होती.  तिने पदर खोचला आणि पुढे आली.

"तो परदेशी झाला. मानलं," ती म्हणाली. "आन तू रं दादा? तू तर हितंच व्हतास ना सौद्याला? ह्यो तुजा काका न्हाई का? तुज्या बापानं बसिवलं त्येला हितं. तुला बी याद आली न्हाई?"

 पंचांपैकी एका म्हाताऱ्याने डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. चुलत भाऊ समाधीकडे पाठ करून उभा राहिला. मी पुढे काही विचारले नाही. सौद्यात समोरचा अडला की आपण बोलायचे नसते.

मग तो खाली बसला. त्याचे उत्तर मी आजही शब्दशः सांगू शकतो. "जागा वगळली असती तर मोजून दाखवावी लागली असती. मोजायला गेलो असतो तर हिला कळलं असतं."

तो समाधी विसरला नव्हता. त्याने मुद्दाम गाळली होती, आणि शेठ लोभाने गप्प राहील हे त्याने बरोबर ओळखले होते. कबुली म्हणून हे वाक्यही कोर्टात चालणारे नव्हते, पण आता ते गावाच्या पंचांनी ऐकले होते. त्यानंतर आठवड्याभरात झांबियाहून तारेचे उत्तर आले की मास्तर शाळेतच आहेत, गेले वर्षभर देशाबाहेर गेलेले नाहीत. पुण्याचा अहवालही आला. अंगठा हेडीचाच. चुलत भाऊ, मेव्हणा आणि हेडी यांच्यावर दोषारोपपत्र गेले आणि पुढे तिघांनाही शिक्षा झाली. खरेदीखत दिवाणी कोर्टाने रद्द केले. शेठने विरोध केला नाही. त्याचे पैसे त्याला पुरते परत मिळाले नाहीत. त्याबद्दल मला फारसे वाईट वाटले नाही.

तारेचे उत्तर आले त्या दुपारी मी स्वतः वावरात जाऊन बाईला सांगितले की आता तुम्हाला कोणी उठवत नाही. तिने ऐकून घेतले, मग विहिरीवर थांबलेल्या बायकांना ओरडून सांगितले, "घ्या गं पानी. आपलंच हाय." त्यांच्यात हसणे सुरू झाले. मी बांधावर बसून राहिलो. किती दिवसांनी पाय दुखत असल्याचे जाणवले.

शाळेला सुटी लागल्यावर मास्तर आले. शांत, बारीक माणूस. बसमधून उतरला तो घरी न जाता वावरात गेला. चपला बांधावर काढल्या. समाधीवर हात ठेवून तो कितीतरी वेळ बसला होता आणि बहीण त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. चुलत भावाबद्दल तो माझ्याशी एवढेच बोलला की मी पत्र लिहिण्याऐवजी आधीच येऊन वावर बहिणीला देऊन टाकायला हवे होते.

बक्षीसपत्राच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेलो. कचेरी तीच, साहेब तेच. या खऱ्या माणसाकडे त्यांनी पासपोर्ट मागितला, शाळेचे पत्र मागितले, दोन प्रतिष्ठित साक्षीदार मागितले आणि कागदावर लावायच्या एका स्टॅम्पच्या तिकिटापायी उद्या या म्हणाले. मास्तर निमूटपणे उद्या आले. दुसऱ्या दिवशी वावर बहिणीच्या नावावर झाले. तिने अंगठा दिला तेव्हा माझ्या मनावरचे ओझे उतरले. मी शब्द दिला होता, आणि तो खोटा ठरला नव्हता. पण बाहेर पडताना माझ्याने राहवले नाही. मी साहेबांना विचारले, हे सगळे प्रश्न तेव्हा का विचारले नाहीत?

"फौजदार," ते कागदावरून नजर न काढता म्हणाले, "आमचं काम दस्त नोंदवायचं. माणूस ओळखणं साक्षीदाराचं काम."

मी माझ्या अहवालात त्यांच्यावर कारवाईची शिफारस केली. परवानगी आली नाही. स्मरणपत्र पाठवले. त्याच्या उत्तरादाखल माझी बदली नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, किनवटला झाली. तिथले जंगल मला आवडले, ही गोष्ट वेगळी.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, परदेशात राहणाऱ्यांसाठी. वडिलोपार्जित वावर ज्याला द्यायचे असेल त्याला स्वतः येऊन, स्वतःच्या हाताने, लवकर द्या. मनात ठरवले म्हणजे दिले असे होत नाही. मधल्या काळात तुमचे पत्र दुसरा कोणीतरी वाचत असतो. दुसरी गोष्ट पोलिसांसाठी. लबाड माणूस जे बोलतो त्यापेक्षा जे बोलायचे टाळतो तिकडे लक्ष द्या. आपल्या लोकांत कोणती गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला ते टाळणे लगेच दिसते.

तिसरी गोष्ट शिकलो नाही, शिकणारही नाही. चुलत भावाने जाब दिला. हेडीने दिला. शेठने आपल्या लोभाची किंमत मोजली. मग टेबलामागे बसलेला तो एकच माणूस का सुटला? दुसऱ्याचे नाव घेऊन एक माणूस त्याच्यापुढे काळा चष्मा लावून उभा राहिला आणि त्याने मान वर करून पाहिले नाही. त्या न पाहण्याचा पगार सरकारने त्याला दिला, पुढे पेन्शन दिली. साहेब, आपण हयात असाल तर उत्तर आपण द्या. नसाल तर ज्यांनी माझा अहवाल दाबून ठेवला त्यांनी द्यावे. त्या बाईचे वावर वाचले ते तुमच्यामुळे नव्हे. मला अजून तुमचा जबाब घ्यायचा आहे.